रेडिएटर नाकात, इंजिन पाठीशी

शनिवार, २ मार्च
फिलिपा आली. माझा मुलगा डंकन तिला सोडून लिस्बनला गेला त्याला वर्ष झालं, पण सून दर शनिवारी येते. अजून मला डॅडच म्हणते. पोटच्या पोराने गॅरेजात बांधायला घेऊन अर्धवट टाकलेली स्पोर्ट्स गाडी आम्ही दोघं पुरी करतोय.
आज पाण्याच्या नळ्या. इंजिन सीटांच्या मागे, रेडिएटर पार पुढे नाकात. गरम पाणी पुढे न्यायचं, गार करून मागे आणायचं. मी म्हटलं, दोन सीटांच्या मधल्या बोगद्यातून नेऊ.
“उकळतं पाणी मांडीला लावून? डॅड, तुम्ही बसा मग त्यात!”
दारांखालून न्यायचं ठरलं. तिचंच खरं होतं. तसं बोललो नाही.

शनिवार, ९ मार्च
अॅल्युमिनियमच्या नळ्या बसवल्या. कुठे घासू नयेत म्हणून नळी धरणाऱ्या प्रत्येक पट्टीला आतून रबर. सांगाड्याच्या मागच्या आडव्या दांड्यावरून नळी मीच वाकवून नेली. झकास दिसते! बेकन सँडविच खाल्लं, फिलिपाने माझ्यातलंही अर्धं खाल्लं.

रविवार, १० मार्च
डंकनचा फोन. नंबर बघितला, उचलला नाही. नेहमीसारखंच.

शनिवार, १६ मार्च
पाणी भरलं, इंजिन चालू केलं. तापमानाचा काटा चढतच गेला — आणि पुढे रेडिएटर थंडगार! ताबडतोब बंद. कुठेतरी हवा अडकली होती.
फिलिपा आडवी होऊन खाली सरकली. “हा बघा उंट! दांड्यावर नळीला कुबड आलंय.”
माझीच नळी. उंचवट्यात हवा बसणार, पाणी पुढे सरकणार नाही. पुन्हा करायचं.

शनिवार, २३ मार्च
नळी दांड्याखालून नेली. गाडीचं नाक जॅकवर उचललं, रेडिएटरच्या वरचा स्क्रू सैल केला. फुस्स — फुस्स — मग निव्वळ पाणी. इंजिन चालू. रेडिएटर हाताला गरम लागला, पंखा फिरला, काटा जागेवर थांबला. आम्ही दोघं ओरडलोच!
आणि मी बोलून गेलो, “त्या नालायकाला दाखवायला हवं होतं. बायको टाकून दुसरीच्या मागे गेलेला!”
फिलिपाने इंजिन बंद केलं.
“डॅड, दुसरी कुणी नव्हतीच.”
“मीच त्याला जा म्हटलं. आमचं जमत नव्हतं. शेजारच्यांनी काहीतरी उठवलं, ते तुम्हाला खरं वाटलं. तुम्ही त्याचं न ऐकता फोन आपटलात तेव्हा मी इथेच उभी होते.”
“मग बोलली का नाहीस?”
“मीच त्याला घालवलं हे कळल्यावर तुम्ही मला दर शनिवारी येऊ दिलं असतंत?”
तिला घरी जा म्हटलं. गेली. हात न धुताच गेली.

रविवार, २४ मार्च
चर्चला गेलो नाही. तिच्यावर चिडावं तर वर्षभर ऐकून घेतलं नाही ते मी. डंकनला एक वाक्यही पुरं करू दिलं नव्हतं.

सोमवार, २५ मार्च
डंकनला फोन केला. “तुझ्या गाडीचं इंजिन चालू झालं,” म्हटलं. तो म्हणाला, “डॅड, आवाज बसलाय तुमचा.” सर्दी झालीय म्हटलं.