रडण्याचं रेकॉर्डिंग

अकोला,
९ जानेवारी २०२६

चि. आकांक्षास,
ताईचे अनेक आशीर्वाद. बडनेऱ्यात थंडी कशी आहे? आईचे गुडघे दुखतात का? इथं माझं बरं चाललंय.

कोणता कोर्स करू, असं विचारलंस. बसस्टँडजवळ ज्याचा फलक सगळ्यांत मोठा, त्या क्लासला जाऊ नकोस. आधी पायथन नीट शीक. रोज थोडा कोड स्वतः लिही, चुका स्वतः शोध. तू घाईची, पण कॉम्प्युटर काही तुझे लाड करणार नाही. आणि माझ्यासारखी अर्धवट शिकून नोकरीला लागू नकोस.

माझं काम तुला फार भारी वाटतं. शेतकऱ्यांना फोनवर हवामान सांगणाऱ्या यंत्राला मी वऱ्हाडी बोलायला शिकवते. पुण्याच्या मुलींना 'काहून' नीट म्हणता येईना, म्हणून मला घेतलं. किती मिरवले होते मी! माझी वाक्यं रेकॉर्ड करायची, यंत्र चुकलं की दुरुस्त करायचं. आता ते चुकत नाही.

दिवाळीनंतर आमच्या ऑफिसच्या सरांनी रडण्याचं रेकॉर्डिंग करायला लावलं. "आई, मले भेव वाटून राहिलं," असं हुंदके देत, पुन्हा पुन्हा. हवामान सांगायला हुंदके कशाला, हे मी विचारलं नाही. नवीन काही शिकायला मिळतंय, एवढंच मनात होतं.

मग ते तुझी चौकशी करू लागले. धाकटी आहे ना, आवाज कोवळा असेल, आणा की इकडे. मी साफ नाही म्हटलं.

काल आईशी फोनवर बोलले. ती म्हणाली, "परवा किती रडून राहिली होती तू! आता बरं वाटते ना? सोमवारी आकांक्षाले धाडतो तुयाकडे, तू म्हटलं तसं."

ती म्हणते त्या दिवशी मी फोन केलाच नव्हता. तसं सांगितलं, तर आई हसली. "माय, पोटच्या पोरीचा आवाज मले समजत नाही का?"

आज घरी यायला सुट्टी मागितली. सर शांतपणे म्हणाले, "तुम्ही येत नाही, हे घरी कळवलंय."

मला फार भीती वाटते आहे गं. फोनवर मी 'येऊ नको' म्हटलं, तर संध्याकाळी तोच आवाज तुला 'ये' म्हणेल. म्हणून हे पत्र, बडनेऱ्याला निघालेल्या गोपालमामाच्या हाती देते आहे. आईला वाचून दाखव. सोमवारी गाडीत बसू नकोस.

मी इथून सुटले की थेट दारात येऊन उभी राहीन. तोवर माझा फोन उचलू नकोस, मी कितीही रडले तरी.

तुझी,
चंदाताई