चारशे मीटरचं घड्याळ

१२ जानेवारी २०२५, रविवार

"मंडळातल्या बायकांनो! चारशे मीटर धावणाऱ्या पुरुषाला चांदीचं घड्याळ. आणि आपण? तोंडात चमचा, चमच्यात लिंबू — वर बक्षीस स्टीलचा डबा!" पुढच्या रविवारी आमच्या मराठी मंडळाच्या सभेतलं भाषण इथूनच सुरू करणार.

सृष्टी कॉलेजच्या संघातून धावते. माझीच मुलगी, तरी सांगते — वारा आहे! त्या घड्याळाचं तिला लहानपणापासून वेड. मंडळातले जुने सभासद राजाभाऊ, त्यांच्या वडिलांनी ते फाळणीआधी लाहोरच्या शर्यतीत जिंकलेलं — साखळीचं, खिशात ठेवायचं. अजून चालतं! राजाभाऊंनी मंडळाला दिलं. विजेत्याने वर्षभर घरी ठेवायचं, रोज किल्ली द्यायची. झाकणाच्या आत विजेत्यांची नावं कोरलेली. एकजात पुरुष! तिला तिथे स्वतःचं नाव हवंय.

१३ जानेवारी

सुधन्वा म्हणाला, "मंडळाची शर्यत आहे देविका, ऑलिंपिक नाही." माझा नवरा बसमागेसुद्धा धावत नाही. त्याला काय कळणार!

१९ जानेवारी

कोपर्निकस मार्गावर मंडळाची सभा. बोलले! आजवर वाचलेलं सगळं ओठावर आलं. अध्यक्ष अण्णासाहेब म्हणाले, "वहिनी, मुली मागे पडल्या तर वाईट दिसेल हो."

"पडू द्या! पुरुष मागे पडतात तेव्हा आम्ही टाळ्याच वाजवतो ना?"

हशा! तेवढ्यात प्रभा — अण्णासाहेबांची सख्खी सून — मागून ओरडली, "बाबा, हो म्हणून टाका, चहा गार होतोय!"

ठराव पास. शर्यत सगळ्यांना खुली! घसा पार बसलाय.

२ फेब्रुवारी

गाझियाबादच्या धुक्यात सृष्टी पळते, मी बाकावरून ओरडते. "आई, प्लीज यार, भाषण नको. बस टाइम सांग!"

९ फेब्रुवारी

जिंकली! जिंकली!! जिंकली!!!

आर. के. पुरमचं मैदान. सगळे मुलगे आणि ती एकटी. शेवटच्या वळणापर्यंत उन्मेष पुढे — प्रभाचा नवरा, गेल्या वर्षीचा विजेता. मग सृष्टीने त्याला बाहेरच्या बाजूने गाठलं — आणि गेली! उन्मेष धापा टाकत म्हणाला, "क्या भागती है!" आणि खिशातलं घड्याळ तिच्या हातावर ठेवलं. तिने ते आधी कानाला लावलं. सुधन्वा पाण्याची बाटली धरून रडत होता. वेडा!

नाव कोरायला अण्णासाहेब घड्याळ दरीब्याच्या सराफ बाजारातल्या सोनाराकडे घेऊन गेलेत. आठवडा कसा काढायचा!

१६ फेब्रुवारी

घड्याळ आलं. सृष्टीने झाकण उघडलं. उन्मेषच्या नावाखाली ताजी अक्षरं — सुधन्वा सबनीस.

फोनवर अण्णासाहेब म्हणाले, "अहो वहिनी, तुमच्या कुटुंबाचं सभासदत्व सुधन्वांच्या नावावर. कोरतात ते सभासदाचंच नाव. घरातच राहिलं की!"

सृष्टीने झाकण मिटून घड्याळ टेबलावर ठेवलं. किल्लीही दिली नाही.

बायकांच्या ग्रुपवर आत्ता टाकलं — येत्या रविवारी मंडळात या आणि प्रत्येकीने आपापल्या नावाने सभासद व्हा.