एका फेरीत तीन कामं

सोमवार, ३ मार्च

मुकादम गेला. सकाळी, जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर, भूल उतरायच्या आधीच. पोटातली गाठ आतल्या आत फुटली होती. “उघडून पाहिलं, पण पुन्हा शिवण्याखेरीज हातात काही उरलं नव्हतं,” म्हणाल्या. चांगली बाई. आधी हातमोजे काढले, मग बोलली.

बाबांनी एकच विचारलं, “पट्टा परत मिळेल ना?” मिळाला, कागदी पिशवीत घालून. गाडीत ती पिशवी मांडीवर घेऊन बसले.

मी रडले नाही. पार्किंगचं मशीन नाणं घेईना, त्याच्यावर मात्र ओरडले. मागचा माणूस घाबरून दुसऱ्या मशीनकडे गेला.

मंगळवार, ४ मार्च

दुकानात सांगितलं, वडिलांचा कुत्रा गेला. मालकीणबाई म्हणाल्या, “कुत्रा होय! तू ‘वडिलांचा’ म्हणालीस आणि माझ्या काळजात धस्स झालं.” मग हॉटेलच्या पडद्यांचा ढीग पुढ्यात टाकला. चुण्या घाला, अस्तर लावा, हुक बसवा. बरं झालं. चुण्या घालताना डोकं रिकामं राहतं.

बाबांची दुरुस्तीची व्हॅन होती तेव्हाच मुकादम आला, कुणाच्या तरी घरून गळका नळ बदलून दिल्याच्या मोबदल्यात. पिल्लू होतं. बाबा सिंकखाली आडवे झाले की हा शेजारी बसून पाहत राहायचा. काम शून्य, देखरेख पूर्ण. म्हणून मुकादम. गिऱ्हाइकं म्हणायची, मालक कोण ते कळत नाही.

आई गेली त्या वर्षी मी त्याचा विमा उतरवला. हप्ता मी भरायचा आणि एक्सेस बाबांनी. एक्सेस म्हणजे क्लेममधला पहिला ठरलेला वाटा — तो कंपनी देत नाही, आपणच सोसायचा. अशी वाटणी झाली, कारण कुणाचं फुकट घेतलं की बाबांना झोप लागत नाही. कंजूष नाहीत. हिशोबी आहेत.

शुक्रवार, ७ मार्च

क्लेम पाठवला. कानाची आणि दाढेची तपासणी, पोटाचं ऑपरेशन, सगळं एकत्र; बिल माझ्या पगारापेक्षा मोठं.

कंपनीचं उत्तर लगेच आलं — पंजाचं चित्र, “आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत”, आणि खाली, नवा प्राणी घेतल्यास पहिल्या हप्त्यात सवलत! मढ्याच्या टाळूवरचं लोणी म्हणतात ते हेच. नवऱ्याला दाखवलं. म्हणाला, “मशीन पाठवतं गं ते.” मग मशीनला शिव्या दिल्या. या महिन्यात मशीनशी फार भांडणं होतायत.

मंगळवार, ११ मार्च

बाबा फिरायला जातात अजून. त्याच वेळेला, त्याच रस्त्याने. हात कुठे ठेवायचे ते कळत नाही, म्हणून खिशात घालतात.

बुधवार, १९ मार्च

पत्र आलं. वाचून डोळे पांढरे झाले.

एक्सेस एकदा नाही, तीनदा कापलाय! वर, कुत्रा आठ वर्षांच्या पुढचा म्हणून उरलेल्या बिलाचा पाचवा हिस्सा आमच्या माथी. आणि वर्षाचे राहिलेले हप्तेही त्यातूनच वळते केलेत. कुत्रा नाही आणि त्याचा हप्ता आहे! बैल गेला आणि झोपा केला, असं ऐकलं होतं. इथे बैल गेला आणि वैरणीचं बिल आलं.

नवरा गणिताचा मास्तर. कागद घेऊन बसला, पेन्सिल कानावर. बराच वेळ आकडेमोड करून म्हणाला, “बेरीज बरोबर आहे.” अरे, बेरीज बरोबर आहे हे मलाही दिसतंय! एकदाच दवाखान्यात नेलं, एकच बिल झालं, मग एक्सेस तीन का? त्यावर म्हणे, ते गणितात येत नाही.

गुरुवार, २० मार्च

जेवणाच्या सुट्टीत कंपनीला फोन. अस्तरांच्या गठ्ठ्यावर बसून. ते वाट पाहायला लावणारं संगीत — तीच चार सेकंदांची धून, पुन्हा पुन्हा. म्हणणार होते, भीक नको पण कुत्रं आवर. जीभ चावली.

शेवटी एक मुलगी आली. आवाज लहान, पण न कंटाळता समजावलं. आधी म्हणाली, “सॉरी फॉर युअर लॉस, मॅडम,” आणि खरंच थोडी थांबली. मग सांगितलं ते इथे लिहून ठेवते, म्हणजे माझ्या टाळक्यात राहील.

एक्सेस फेरीला नसतो. आजाराला असतो. कानाचा संसर्ग हा एक आजार, किडलेली दाढ दुसरा, पोटातली गाठ तिसरा. तिन्ही एकाच दिवशी दाखवले तरी एक्सेस तीन. आणि एकाच आजारासाठी त्या वर्षात दहा वेळा गेलात तरी एक्सेस एकच.

मी विचारलं, “म्हणजे कान आधी दाखवला असता, दाढ नंतर, तरी तेवढेच कापले असते?”

“तेवढेच, मॅडम. एक पैसाही जास्त नाही.”

वाढत्या वयाचा हिस्सा आणि राहिलेले हप्तेही नियमातच आहेत म्हणाली. कोणत्या पानावर तेही सांगितलं. भांडायला काही जागाच ठेवली नाही पोरीने. समजलं एकदाचं. दुपारभर हलकं वाटलं.

रविवार, २३ मार्च

हे लिहावं की नाही, असं झालंय. लिहितेच.

बाबांकडे गेले होते. चहा झाला. पत्र दाखवलं, कारण एक्सेसचे पैसे त्यांनी द्यायचे. चष्मा लावून वाचलं, आणि मुठीने टेबल ठोकलं. आई गेल्यापासून बाबांना एवढं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“तीन फेऱ्यांचे पैसे? मी एकदाच गेलो!”

मी समजवायला तोंड उघडणार, तेवढ्यात पुढे म्हणाले, “म्हणून तर साठवून ठेवली ना कामं. कान दिवाणखान्याच्या सोफ्यावर घासायला लागला तेव्हाच लक्षात आलं होतं माझ्या. पण एका कानासाठी कोण जाईल? मग दाढ. एका बाजूने चावायचा. मग पोट जड दिसायला लागलं, जिन्यात बसायला लागला. म्हटलं, आता तीन झाली. एका फेरीत आटपू.”

माझ्या हातात कप होता. तो बशीत नीट ठेवला.

बाबा आयुष्यभर गिऱ्हाइकाकडून घरी येण्याचे पैसे वेगळे घेत. पाना पिशवीतून निघायच्या आधीचे. आणि माणूस सरळ, त्यामुळे स्वतःच सांगत — एका नळासाठी बोलावू नका, वहिनी. तीन-चार कामं साठू द्या, मग बोलवा. तुमचे पैसे वाचतील. लोक त्यांना त्यासाठीच मानायचे. एक्सेस म्हणजे तसेच दर फेरीचे पैसे, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. विचारायचं कुणाला? चाळीस वर्षं तेच तर केलं.

“किती दिवस साठवलीत?” मी विचारलं. आवाज साधा निघाला.

“थंडी सुरू झाली तेव्हापासून,” म्हणाले, आणि तिन्ही एक्सेसचे पैसे मोजून माझ्यापुढे ठेवले. “तू भांड त्यांच्याशी. तुला बोलता येतं.”

भांडते म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सोमवार, २४ मार्च

कामावरून येताना डॉक्टरीणबाईंकडे थांबले. एक मांजर तपासत होत्या. सरळ विचारलं — थंडीतच आणला असता तर?

त्यांनी मांजर पिंजऱ्यात घातलं, कडी लावली. “कानासाठी आणला असता तरी मी पोट दाबून पाहिलं असतं. म्हाताऱ्या कुत्र्याचं पाहतेच. गाठ फुटायच्या आधी काढली की पुष्कळदा वाचतात. हा वाचला असता का? कदाचित. नक्की कुणी सांगू नये.” मग म्हणाल्या, “वडिलांना विचारायचंय का हे?”

नाही म्हटलं. मलाच.

मंगळवार, २५ मार्च

आज रडले. शिवणयंत्रावर. मालकीणबाईंनी फिकट कापड समोरून उचललं आणि गडद रंगाचं ठेवलं.

बाबांचा राग आलाय. आणि राग धरवत नाही. त्याने त्रास होतोय जास्त.

गुरुवार, २७ मार्च

बाबांचा फोन. “काय झालं? भांडलीस का? नसेल जमत तर मला नंबर दे, मी बोलतो.”

उद्या सांगते म्हणून फोन ठेवला. ती मुलगी किती छान समजावते! पाचव्या मिनिटाला बाबांना सगळं स्वच्छ कळेल. साठवून एक पैसाही वाचला नाही, आणि मुकादम मात्र गेला. त्यांच्याकडे आता दुसरं आहे काय? सकाळची फेरी आणि तो पट्टा. हे कळलं तर माणूस खचेल.

नवऱ्याशी बोलले. म्हणाला, “खरं सांग.” मग थोड्या वेळाने, “नको सांगूस.” मग, “तुझे वडील, तू बघ.” गणिताच्या मास्तराची तीन उत्तरं!

मीच ठरवलं. दोन एक्सेसचे पैसे माझ्या खात्यातून काढायचे. कंपनीने चूक कबूल केली, पैसे परत दिले, असं सांगायचं. उन्हाळ्याचे नवे बूट नाही घेतले तर बिघडत नाही. मेलेल्या कुत्र्यापायी जिवंत माणसाला कशाला जाळायचं?

शनिवार, २९ मार्च

दिले. पाकिटात घालून. बाबांनी मोजले नाहीत, नुसतं पाकीट हातावर आपटलं. “बघ! बरोबर होतं की नाही माझं? एक फेरी, एकदाच पैसे. विचारलं की यांना मान्य करावंच लागतं.”

हो, बाबा.

इतके खूश झाले की शेजारच्या जिन्यातल्या आजोबांनाही हाक मारून सांगितलं. त्या आजोबांकडे पोपट आहे. त्यांनी मान डोलावली. खोटं बोलून एवढं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं. परतीच्या वाटेवर बेकरीतून केक घेतला, दोघांपुरता.

शनिवार, ५ एप्रिल

विमा बंद झाल्याचं पत्र. फाईलीत लावलं. हॉटेलचे पडदे गेले, आता शाळेच्या स्टेजचा आलाय — मखमल, वजन माझ्याएवढं.

बाबांचा सूर बरा आहे फोनवर. परवा कुणाला तरी फोनवरच फ्लशची टाकी कशी दुरुस्त करायची ते सांगत होते. माझं चुकलं नाही.

रविवार, १३ एप्रिल

दवाखान्यातल्या बाकावर लिहितेय. माणसांच्या दवाखान्यात. बाबा आत आहेत, तारा लावल्यात.

सकाळी त्यांच्याकडे गेले. ते दूध घेऊन जिना चढून आले आणि खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले. ओठ निळसर. काय होतंय विचारलं, तर म्हणाले, “काही नाही गं. चढताना छातीवर दाब येतो, महिना झाला. पाय पण सुजतात. जाणार आहे मी डॉक्टरकडे. माझ्याही विम्याला तो एक्सेस आहेच की! डावा डोळा जरा अंधूक वाटतोय, तेवढं पक्कं होऊ दे. मग एका फेरीत तिन्ही. आपली पद्धत तर आता कंपनीनेही मान्य केलीय.”

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एक्सेस आजाराला असतो, फेरीला नाही. साठवून काहीच वाचलं नाही. कंपनीने छदाम परत दिला नाही, पाकिटातले पैसे माझे होते.

बाबा खुर्चीत बसले. मग म्हणाले, “म्हणजे मुकादम — माझ्यामुळे गेला?”

“हो,” म्हटलं. “चपला घाला.”