ताईचा अनंत

पुणे, १४ जून, संध्याकाळ

रोपांच्या नर्सरीत चार वर्षं काढून गाढवपणा केलाच. ताईनं लग्नाआधी अकोटच्या अंगणात अनंत म्हणून लावलेलं झाड कधीच फुललं नाही, म्हणून मायनं फोन केला होता.

"पान तोडून पाहू का बाबू? दूध निघालं तं तगर, नाई तं अनंत, तूच सांगतलं होतं."

मी घाईत होतो. "तगरच हाय माय, उपटून टाक."

एक पान तोडायले कितीसा वेळ लागला असता?

आज माय म्हणे, "उपटल्यावर पाह्यलं रे. पान कोरडंच निघालं. शेंड्याले कळ्या होत्या."

मग ताईचा फोन. "माहा अनंत फुलला का रे?"

"कळ्या आल्या वं ताई," बोलून गेलो.

ती तिकडं सासूले हाका मारून सांगत सुटली.