साठ पुड्यांचा फेस

६ जानेवारी, सोमवार
पवनारहून धाकटी जाऊ वनिता आली. केस धुवायच्या पावडरीच्या पाच पुड्या नमुना म्हणून ठेवून गेली. रिठा, शिकेकाई, थोडी मेथी. बाकी काही नाही म्हणते. यंदा कॉलनीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून याच साठ पुड्या द्यायच्या, हे मी मागच्या आठवड्यातच सगळ्यांना सांगून बसले आहे. "केमिकल नाही, मी जबाबदार." शेजारच्या नलूताई म्हणाल्या, तुम्ही बी.एस्सी., तुम्ही म्हणता म्हणजे झालं.
भाऊजी गेल्यापासून वनिताची ही पहिली मोठी ऑर्डर. नीट पार पडली तर सिंदी मेघेतल्या बाकीच्या कॉलन्याही घेतील.

७ जाने.
एक पुडी फोडली. थंड पाण्यात नुसतं बोट फिरवलं तर मगभर फेस. दिवाळीत तिने दिलेल्या बरणीतल्या पावडरीला असा फेस नव्हता. मुळीच नव्हता. आईकडे रिठे रात्रभर भिजवायचे, उकळायचे, कुस्करायचे, तेव्हा कुठे जेमतेम.
हे म्हणाले, "फेस आला तर चांगलंच ना?" ह्यांना सगळंच चांगलं वाटतं.

८ जाने.
फिल्टरच्या पाण्यात भरपूर फेस. बोअरच्या पाण्यात वर पांढऱ्या गुठळ्या, दूध फाटल्यासारख्या.
आमचं बोअरचं पाणी दुष्फेन. यात साबण फाटतो. रिठा फाटतो का? कॉलेजात हे प्रॅक्टिकल केलं होतं, पण चाळीस वर्षांत एकदाही कामी आलं नाही. आठवत नाही.
पाण्याचा मग बाथरूममधला होता, त्याला साबण लागलेला असू शकतो. घाईने कुणाला चोर ठरवायचं नाही.

९ जाने.
स्टीलचे दोन गंज तीन-तीनदा विसळून घेतले. वर्ध्याच्या बाजारातून रिठे आणले, फोडून बिया काढल्या, उकळले. बोअरच्या पाण्यात फेस बेताचाच, पण टिकला. गुठळी एक नाही. शेजारच्या गंजात वनिताची पुडी. गुठळ्याच गुठळ्या.
पुडीत साबण आहे.
फोन उचलला, ठेवला. फोनवर माणूस "नाही" म्हणून मोकळं होतं.

११ जाने., शनिवार
मधोमध भांग पाडून डावी बाजू दुकानातल्या शाम्पूने धुतली, उजवी मी घरी कुटलेल्या रिठा-शिकेकाईने. हे पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "आज कोणत्या बाजूने बोलणार आहेस, ते आधी सांग."
निकाल, खरा तो : उजवी एकदा धुऊन निघाली नाही. दोनदा लावल्यावर निघाली. धुताना धुतल्यासारखं वाटतच नव्हतं. डोळा चुरचुरला. मुळाशी भुगा राहिला, तो वाळल्यावर विंचरून काढावा लागला. पण तेलकटपणा नाही, वास नाही, संध्याकाळपर्यंत दोन्ही बाजू सारख्या.
म्हणजे नुसत्या पावडरीने केस स्वच्छ निघतात. मग हिला साबण घालायची गरज काय पडली? की मलाच फसवायचं होतं?

१२ जाने., रविवार
न कळवता पवनारला गेले. गच्चीवर चादरीवर रिठे वाळत घातलेले, बिया वेगळ्या. सगळं स्वच्छ. मी एकेक डबा उघडून पाहिला.
"काऊन वो बाई, झडती घेऊन राह्यल्या का?"
"हो."
हसली. मिक्सरच्या मागे किसणी होती. किसणीला साबण. तेव्हा हसणं थांबलं. पण लपवलं नाही.
"अंगाचा साबन हाये, कपड्याचा नाई. साठ पुड्यांत दोनच वड्या."
"आणि मला सांगितलंस रिठा-शिकेकाई."
"तुमीच तं म्हनलं होतं."
दिवाळीनंतर बरणी परत देताना मी म्हणाले होते, फेस नाही, डोकं स्वच्छ निघालं नाही, ही पावडर कुणाच्या कामाची नाही. चारचौघींत म्हणाले होते. तिने शब्दन् शब्द म्हणून दाखवला. माझ्या आवाजात.
"तुमाले पटलं नाई तं कोनाले पटन? फेस नाई आला तं बाया म्हनतात, मळ निघालाच नाई."
चहा न घेता निघाले. बस लगेच मिळाली, तेवढंच.

१३ जाने.
मागच्या वर्षीची वही काढली. नरक चतुर्दशी : पहाटे वाटीभर तीळतेल डोक्यात, त्यावर उटणं, मग वनिताची पावडर, एकदाच. "निरुपयोगी", खाली रेघ.
त्या तेलापुढे शाम्पूसुद्धा दोनदा लावावा लागला असता. अभ्यंगाच्या दिवशी कुणी अशी परीक्षा घेतं? मी घेतली. आणि निकालही दिला.
फोन केला.
"साबण न घालता साठ पुड्या पुन्हा करशील?"
"करन. पन फेस नाई येनार. बायांले तुमी सांगजा."
"सांगेन. दोनदा लावायची, तेल बेताचं ठेवायचं, सगळं सांगेन."
"आन् दिवाळीचं?"
"तेही."
"मंग ठीक हाये."
साबण घातला हे चुकलं, असं तीही बोलली नाही. बोलायला हवं होतं.

१७ जाने.
नलूताईंना आधीच सूचना दिली की फेस येणार नाही. "अगं बाई. मग सुनेला काय सांगू, चिखल लाव म्हणून?" बाकीच्याही हेच म्हणणार. तोंडावर नाही, गेटाबाहेर.

१९ जाने., रविवार
दुपारी वनिता पिशवी घेऊन आली. साठ पुड्या. तोच कागद, तोच लाल दोरा.
सहा दिवसांत पुन्हा साठ? वाळवलेले रिठे होतेच तिच्याकडे. कुटायचं, चाळायचं, बांधायचं, एकटीने. होऊ शकतं. की जुन्याच उचलून आणल्या?
तिला म्हटलं, आज बाहेर आमच्यात बस. "नको बाई. मी आतच बरी. चहा करतो." माझ्याकडे बघत नव्हती. पण भाऊजी गेल्यापासून हळदीकुंकवाच्या दिवशी ती कधीच बघत नाही.
पाच वाजता बायका येतील. मी उभी राहून सांगणार, यात साबण नाही.
मधली एक पुडी काढून घेतली आहे. गंजात बोअरचं पाणी भरून ठेवलं आहे. कात्रीही आणली. फोडली तर एकोणसाठ उरतील आणि तिला कळेल. मोजून आणल्या आहेत तिने, माझ्यासमोर मोजल्या.
आतून विचारते आहे, "बाई, तुमाले साखर किती?"
एक चमचा, म्हटलं.
गेट वाजलं. नलूताई असतील, त्या नेहमी आधी येतात.