साध्या पाण्याची टाकी

मॅडम, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी प्रयोगशाळेत शिरताना मी चपला अजून भिंतीला समांतर लावते. तुमचा धाकच तसा होता. पहिल्याच महिन्यात मी बोय माशांच्या टाकीतलं पाणी तापवत होते. मासे एकेक करून कलंडायला लागले आणि मी आपली टिपणं काढत बसले. तुम्ही मागून आलात आणि हीटरचा प्लग उपटलात. तुमच्या तंजावरी मराठीत ओरडलात, "पोदुम, पुरे ते! मासळीला बोलायला तोंड नाही म्हणून बघत बसायचं काय?" मग राग निवल्यावर समजावलंत. पाणी तापलं की त्यातला प्राणवायू कमी होतो आणि नेमका तेव्हाच माशाला तो जास्त लागतो. कल्ले फडफडतात, काळीज धावतं आणि मग धावेनासं होतं. गाबोळी भरलेली मादी आधी जाते, कारण तिला अंड्यांसाठीही श्वास घ्यायचा असतो. शेजारी नेहमी एक साधी टाकी ठेवायची, समुद्राचं पाणी जसंच्या तसं. तिथले मासे मेले तर अख्खा प्रयोग फेकून द्यायचा आणि चांगलं पाणी आणून पुन्हा सुरू करायचा.

या उन्हाळ्यात साध्या टाकीतले मासे खाईनासे झाले. एक मादी पोट वर करून तरंगते आहे आणि मी सहकाऱ्यावर खेकसते आहे, "इथे हीटर कुणी लावला?" तो म्हणाला, "हीटर कपाटात आहे, मॅडम." मी तापमापक बदलून पाहिला. पूर्वी आपण मुद्दाम तापवायचो, तितकं गरम पाणी समुद्रातून थेट नळाला येत होतं. मला भीती वाटली. आता चांगलं पाणी आणायचं कुठून?

तेवढ्यात आपल्याला जिवंत मासे देणारा एन्नोरचा मच्छीमार आला. टाकीपाशी उकिडवा बसला. "अम्मा, यांच्या पोटात अंडी आहेत. तुमच्या टाकीत गुदमरतायत बिचाऱ्या. द्या मला, समुद्रात सोडतो. तिथे जगतील." त्याचं घर याच माशांवर चालतं. पुढच्या हंगामाची त्याची सगळी आशा त्या पोटांत होती, आणि तो किती खात्रीने बोलत होता!

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून लिहिते. टाकीतलं पाणी त्याच समुद्राचं आहे, हे मी त्याला सांगितलं नाही. बादली पुढे केली आणि उन्हात ठेवू नका, एवढंच म्हणाले.