एक रुपयाची कपात

मुंबई, २७ फेब्रुवारी १९३८

घरधनीण बयाबाईचा गुडघा कसा असेल? निघताना उंबऱ्यात बसूनच निरोप दिला. म्हणाली, "उटत न्हाई, पाया हितनंच पडते." भिमाजीचा खोकला? धाकटा भाऊ खरा, पण खोकतो आमच्या बापासारखा. सूनबाई लीलाला सातवा लागलाय, तिला कोणी चिंच-कैरी आणून देतंय का? हौश्या बैलाचा खूर भरला का? पोरं, कुत्रं, शेजारची म्हातारी, सगळे खुशाल असोत.

विचारतो कोणाला? ह्या कागदाला. तो उत्तर देत नाही, पण मधे उठून बाहेरही जात नाही. आमच्या असेंब्लीतल्या मंडळींपेक्षा बरा.

मी ठीक आहे. खुर्चीला गादी आहे. दुपारी फार झोप येते.

२ मार्च

पत्र्याची पेटी उघडली तर आत तळाशी चार नाचणीच्या भाकरी, फडक्यात बांधलेल्या. पाच दिवसांच्या! बयाबाईनं सांगितलं असणार आणि मी ऐकलं नसणार. राजमहंमदनं त्या चहात बुडवून खाल्ल्या. म्हणाला, "आबा, बिस्किटं झक मारतात."

राजमहंमद आपला लोणावळ्याचा. बोरीबंदरला पार्सल हापिसात कारकून आहे. भायखळ्याला त्याची खोली, तिथं माझी पथारी. मला इंग्रजी येत नाही. मराठी अक्षरंच मुळी तिसाव्या वर्षी गिरवली, ती सुद्धा दुकानांच्या पाट्यांवरून. मग सरकारी कागद तो वाचतो आणि मी अर्थ लावतो. कधी उलटही होतं.

तालुका बोर्डात मी नऊ वर्षं आहे. तिथं ओरडता येतं. असेंब्लीत निवडून आलो, तर इथं आधी हात वर करायचा, मग वाट बघायची, मग पुन्हा हात वर करायचा.

आता कामाचं लिहितो. आमच्या मावळात भाताचं रोप टाकायचं तर आधी रोपाची जागा भाजावी लागते. ऐनाच्या झाडाचे टहाळे म्हणजे पानांच्या फांद्या, पाला, माती असे थर घालून पेटवायचं. त्याला राब म्हणतात. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर लावणी कसली! यंदा आमच्या टाकव्याच्या वरच्या रानात जंगल खात्यानं टहाळे तोडायला बंदी केली. रतनबाईचा तर कोयताच गार्डानं नेला. नवरा नाही, दोन भातखाचरं, तीन पोरं. मी निघालो तेव्हा वेशीत उभी होती. एवढंच म्हणाली, "आबा, टहाळ्याचं करून या. न्हाईतर माझी खाचरं पडीक."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय लागतं!

५ मार्च

सोमवारी जंगल खात्याचा खर्च मंजुरीला येतो. राजमहंमदनं मला कपात शिकवली. खात्यानं जेवढे मागितले त्यातून एक रुपया कमी करा, असं म्हणायचं. रुपया कापायचा नसतो, त्या निमित्तानं गाऱ्हाणं सांगायचं असतं.

मी म्हणालो, "कळलं. लग्नात मामा रुसतो आणि पानातला एक लाडू परत करतो. लाडवाचं काही नसतं, पण सगळा मांडव 'काय झालं' म्हणून विचारायला येतो."

तो म्हणाला, "बरोबर. फक्त इथं मांडव विचारायला येत नाही. मिनिटं मोजून देतात."

हे शेवटचं मी नीट ऐकायला हवं होतं.

७ मार्च

फजिती.

नाव पुकारलं. उभा राहिलो. अध्यक्षांना सर्दी झालेली, सकाळपासून नाक पुसत होते. विचारलं, आता कसं आहे? तुळशीचा काढा घ्या म्हणालो. जंगल खात्याचे मंत्री गाल धरून बसले होते, म्हणून दाढेचं विचारलं. शेजारच्या सभासदांची मुलगी नुकतीच बाळंत झाली, तिचं विचारलं. समोर भाषणं उतरवून घेणारा एक जण बसतो, त्याची बोटं दुखत असतील, त्याचंही विचारलं. कोणाच्या दारात गेलं की आधी क्षेमकुशल, मग काम. माझी आई ह्यावाचून मिठाचा खडा मागायला गेली नाही कुणाकडे.

सगळे हसत होते. मला वाटलं, बैठक छान जमली. घसा खाकरून म्हणालो, "तर आता आमच्या टहाळ्यांचं..."

घंटी वाजली.

खाली बसलो. मंत्री उठले आणि इतक्या आदबीनं म्हणाले, "सन्माननीय सभासदांनी कपातीची सूचना परत घ्यावी." दाढ दुखत असताना माणूस एवढं गोड बोलतो, त्याला नाही कसं म्हणायचं? घेतली परत.

राजमहंमद वरच्या गॅलरीत होता. खोलीवर आल्यावर म्हणाला, "आबा, गार्डाच्या दाढेचं तेवढं राहिलं."

८ मार्च

छापून आलं. एक ओळ, ख्यालीखुशाली आणि परत घेतलेला रुपया. आडनाव चुकीचं. देवाची कृपा.

टाकवे बुद्रुक, १६ मार्च

शिमग्याला घरी आलो. कामशेतला उतरून चालत निघालो, तर वाटेत जो भेटेल तो खिशाकडे बघतो. माझ्या आधी बातमी पोचली होती. कोंडाजी न्हावी आठवड्याला कामशेतच्या बाजारात पेपर वाचून घेतो. त्याला चुकीचं आडनावही ओळखू आलं.

होळी पेटली. बोंबा सुरू झाल्या. पहिली सावकाराच्या नावानं, दुसरी गार्डाच्या, तिसरी माझ्या. कोंडाजीच पुढं.

"येवड्या लांब धाडला, आन् कापलं किती?"

सगळं गाव, "येक रुपाया!"

"आन् त्यो तरी आनला का?"

"परत दिला!"

मीही तोंडावर हात मारून बोंब ठोकली. स्वतःच्या नावानं ठोकायची तर मोठी ठोकावी. भिमाजी हसता हसता खोकायला लागला. म्हणजे खोकला आहे अजून. हौश्याचा खूर मात्र भरला. बयाबाईनं पुरणपोळी वाढली आणि वर म्हणाली, "खावा, परत देऊ नका."

रतनबाई होळीला आली नाही.

१७ मार्च

सकाळी तिच्या दारात गेलो. ती शेणी थापत होती. मी म्हणालो, "पोरं बरी हायती ना? तुझं डोकं दुखत हुतं, ते..."

"आबा, गप बसा," ती म्हणाली. "हेच इचारत बसला न्हवं तितं?"

बसलो गप. ती शेणाच्या हातानंच बोलायला लागली. "आमी शेंडा तोडत न्हाई. बाजूचे टहाळे घेतो, तिसऱ्या वर्सी झाड हाय तसं. टहाळा न्हाई दिला तर राबाला ह्ये शेण जाळायचं. मग खाचराला काय घालू, माती? त्या शेती खात्याचा मानूस गेल्या साली चित्रं घेऊन आलता. 'शेण जाळू नका, बायांनो.' ह्यो एक म्हनतो शेण जाळू नका, त्यो एक म्हनतो टहाळा तोडू नका. दोगं एकाच सरकारचं मीठ खात्यात, तर दोगांची चूल येगळी हाय का? एकमेकांशी बोलत न्हाईत का? आन् दोगांचा पगार आमच्याच शेतसाऱ्यातनं."

दम घेतला. म्हणाली, "झालं. येवडंच बोलायचं हुतं. घंटा वाजली का?"

वाजली नव्हती. एक शेणी सुद्धा पुरती थापून झाली नव्हती.

मुंबई, २१ मार्च

आज शेती खात्याचा खर्च. मी पुन्हा एक रुपया कापायला उभा राहिलो. सभेत आधीच खसखस पिकली. अध्यक्षच म्हणाले, "माझी सर्दी बरी आहे. सभासदांनी विषयावर यावं."

आलो. "आमच्या गावची रतनबाई म्हणते," असं म्हणून तिचं बोलणं जसंच्या तसं ठेवलं. शेणासकट. चित्रं छापायला खर्च मागता आणि रानाला राखण बसवायलाही खर्च मागता. एका हातानं विझवता, एका हातानं पेटवता, आणि दोन्ही हातांची मजुरी आमच्याकडून. दोन्ही मंत्री शेजारी शेजारी बसतात. मी विचारलं, "ह्या दोन भावांची चूल वेगळी आहे का?"

आधी हशा. मग तो थांबला. मग शेती खात्याच्या मंत्र्यांनी जंगल खात्याच्या मंत्र्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. पहिल्यांदाच दोघं एकमेकांशी बोलताना दिसले. शेतीवाले उठले आणि परत मला आदबीनं म्हणाले, सूचना परत घ्यावी, बघतो.

मी म्हणालो, "बघून झाल्यावर घेतो."

मताला टाकली. पडली. पण घंटीच्या आत खाली बसलो.

२२ मार्च

राजमहंमदनं मटण आणलं. एकटाच बोलत होता, मी जेवत होतो.

टाकवे बुद्रुक, ४ एप्रिल

हुकूम आला. ऐनाचा शेंडा राखून बाजूचे टहाळे यंदा तोडायला मोकळीक. कोयता परत. गार्ड स्वतः घेऊन आला, धार लावून. सगळं गाव रानात. टहाळे वाळायला वेळ आहे अजून, पाऊस लांब आहे.

कोंडाजी मला म्हणाला, "आबा, बोललात म्हनं लय झ्याक."

मी म्हणालो, "मी न्हाई. मी नुसता रतनबाईचा निरोप पोचवला."

तो म्हणाला, "ते बी ठाव हाय आमाला."

हे त्यानं इतक्या पटकन म्हणायला नको होतं. रात्री बयाबाईला सांगितलं तर तीही हसली. लीलाही आतून हसली.

२२ मे

राब पेटले. सगळ्या शिवारात धूर, डोळे चुरचुरतायत.

रतनबाईनं तालुका बोर्डाच्या निवडणुकीला अर्ज भरला. माझ्याच जागेवर. सूचक म्हणून सही कोणाची? माझी. माझा अर्ज मी भरत नाही.

मी सही करताना ती म्हणाली, "आबा, हितलं मी बघते, तुमी मुंबईचं बघा. अडलं की मास्तराकडनं लिवून धाडीन. उत्तर लौकर धाडा. न्हाईतर तितं बी अर्ज भरीन."